बॉबी कीज आणि रॉकमधला सॅक्सोफोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉबी कीज कोण होता?

अमेरिकेतल्या टेक्ससचा टेनर सॅक्सोफोन वादक. जन्म 18 डिसेंबर 1943, स्लेटन या छोट्या गावात. निधन 2 डिसेंबर 2014, टेनेसीतल्या फ्रँकलिनमध्ये. 'रोलिंग स्टोन्स' या इंग्लिश रॉक बँडचा सॅक्सोफोनवाला म्हणून लोक त्याला ओळखतात आणि ते बरोबरच आहे. पण जॉन लेनन, जॉर्ज हॅरिसन, एरिक क्लॅप्टन, जो कॉकर, हॅरी निल्सन, कार्ली सायमन, लिनर्ड स्किनर्ड यांच्याही ध्वनिमुद्रणांत तो आहे. गंमत म्हणजे स्टोन्सचा तो कधीच अधिकृत सदस्य नव्हता. मुखपृष्ठावरच्या फोटोत तो नसायचा, आतल्या बारीक अक्षरांतल्या यादीत असायचा. ती बारीक अक्षरं वाचायची सवय मला त्याच्यामुळेच लागली.

मी त्याचं नाव कधी ऐकलेलं नाही. त्याचं वाजवणं ऐकलं असेल का?

रॉक थोडंफार ऐकत असाल तर नक्की. स्टोन्सच्या 'ब्राउन शुगर'च्या मधोमध गिटार बाजूला होते आणि एक खरखरीत, दांडगा सॅक्सोफोन पुढे येतो. तो बॉबी कीज. लेननच्या 'व्हॉटएव्हर गेट्स यू थ्रू द नाइट'मध्ये पहिल्या क्षणापासून गाण्याच्या मानेवर बसलेला सॅक्सोफोनही त्याचाच.

'सेशन म्युझिशियन' म्हणजे नेमकं काय?

जो कलाकार स्वतःच्या नावाने नाही, तर दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणासाठी बोलावणं आलं की जाऊन वाजवतो तो. आपल्याला ही कल्पना परकी नाही. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं. व्हायोलिन, ट्रंपेट, क्लॅरिनेट वाजवणारे कितीतरी गोव्याचे कलाकार सकाळी एका संगीतकाराकडे, दुपारी दुसऱ्याकडे वाजवत. सॅक्सोफोनचंच बोलायचं तर राहुल देव बर्मन यांच्या चमूतल्या मनोहारी सिंग यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. पडद्यावर सॅक्सोफोन हातात धरणारा नट सगळ्यांना आठवतो, फुंक कुणाची होती हे फार थोड्यांना.

शास्त्रीय मैफलीतल्या साथीशी याचं नातं आहे, पण एक फरक महत्त्वाचा. तबलजी किंवा हार्मोनियमवाला मैफलभर गवयासोबत असतो. सेशनच्या वादकाला कधी तीन मिनिटांच्या गाण्यातले वीस सेकंद मिळतात. तेवढ्यात गाण्याचा स्वभाव ओळखायचा, त्याला शोभेल असं बोलायचं आणि गप्प व्हायचं. कीजचं मोठेपण मला या ओळखण्यात दिसतं. बोटांच्या चपळाईत त्याला मागे टाकणारे शेकडो होते. पण गाणं नेमकं काय मागतंय हे त्याला फार लवकर कळायचं.

टेक्ससच्या खेड्यातला मुलगा या क्षेत्रात आला कसा?

स्लेटनपासून लबॉक हे शहर अगदी जवळ आहे आणि लबॉक म्हणजे रॉक अँड रोल गायक बडी हॉलीचं गाव. पन्नासच्या दशकात त्या सपाट, धुळीच्या मुलुखात रॉक अँड रोल वाढत असताना कीज ऐन पौगंडात होता. शाळेची पुस्तकं बाजूला पडली आणि किशोरवयातच तो गायक बॉबी व्हीच्या बँडबरोबर गावोगाव फिरू लागला. 3 फेब्रुवारी 1959 रोजी विमान अपघातात हॉली गेला, तेव्हा त्या रात्रीचा ठरलेला कार्यक्रम निभावायला उभा राहिला तो हाच बॉबी व्ही. कीजच्या सुरुवातीच्या प्रवासावर हॉलीची सावली अशी दोन्ही बाजूंनी आहे.

त्याचा आदर्श होता किंग कर्टिस, तोही टेक्ससचाच. 'द कोस्टर्स'च्या 'याकेटी याक'मधला तोतरल्यासारखा, उड्या मारणारा सॅक्सोफोन कर्टिसचा. 1958 मध्ये हॉलीनेही त्याला न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसच्या स्टुडिओत बोलावून घेतलं होतं. टेक्ससच्या टेनर वादकांचा आवाज रुंद, भरदार आणि थोडा राकट असतो. ब्लूज गाणाऱ्या माणसाच्या घशातून आल्यासारखा. कीजच्या वाजवण्यात हे घराणं शेवटपर्यंत ऐकू येतं. घराणं हा शब्द मी विचार करूनच वापरतोय.

रोलिंग स्टोन्सशी गाठ कधी पडली?

जून 1964 मध्ये, टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या एका जत्रेवजा कार्यक्रमात. स्टोन्सचा तो अमेरिकेतला पहिलाच दौरा होता आणि कीज बॉबी व्हीबरोबर तिथे आला होता. ही इंग्लंडची पोरं बडी हॉलीचं 'नॉट फेड अवे' वाजवताहेत हे ऐकून आधी तो चिडला. आमच्या गावच्या माणसाचं गाणं हे कसे वाजवतात! मग लक्षात आलं की बरं वाजवताहेत. तिथेच स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सशी ओळख झाली आणि दोघांची जन्मतारीख एकच निघाली. दिवस, महिना, वर्ष, सगळं तेच. दोघांची दोस्ती पुढे पन्नास वर्षं टिकली.

एकत्र काम व्हायला मात्र 1969 उजाडावं लागलं. लॉस एंजेलिसमध्ये 'लेट इट ब्लीड' या अल्बमचं काम चालू असताना 'लिव्ह विथ मी' या गाण्यात त्याचा सॅक्सोफोन घेतला गेला. स्टोन्सच्या रेकॉर्डवर कीज ऐकू येतो तो इथून पुढे.

'ब्राउन शुगर'मधल्या सोलोचं एवढं कौतुक का?

कारण तो ठेक्यावर स्वार होऊन येतो. गाणं डिसेंबर 1969 मध्ये अलाबामातल्या मसल शोल्स साउंड स्टुडिओत मुद्रित झालं आणि कीजचा सॅक्सोफोन नंतर लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत त्यावर चढवला गेला. म्हणजे सगळं गाणं तयार आहे, गिटारी एकमेकींना भिडलेल्या आहेत, चार्ली वॉट्सचा ड्रम पाय रोवून उभा आहे, आणि या गच्च भरलेल्या खोलीत त्याला जागा करायची आहे. बहुतेक वादकांनी इथे सुरांची भेंडोळी सोडली असती. कीज मोजके स्वर घेतो, तेच तेच पुन्हा ठोकतो, त्यांच्या कडा घासतो. एखाद्या तालवाद्यासारखा वाजवतो म्हणा ना. त्यामुळे सोलो चालू असताना गाण्याची गाडी क्षणभरही मंदावत नाही.

आवाज कसा काढलाय तेही ऐका. स्वर स्वच्छ नाही, त्यात घरघर आहे. फुंकताना घशातून एकाच वेळी गुणगुणलं की दोन कंपनं एकमेकांवर आदळतात आणि अशी खरखर निघते. वादक याला 'ग्रोल' म्हणतात. हे सतत केलं तर कानाला त्रास होतो. कीज वाक्याच्या शेवटाला, जिथे जोर हवा तिथेच करतो.

1971 च्या एप्रिलमध्ये हे गाणं बाजारात आलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. शब्दांबद्दल मात्र मोकळेपणाने बोलायला हवं. गुलामगिरी आणि गुलाम स्त्रियांवरचे अत्याचार यांवर ते ज्या बेफिकिरीने रचले आहेत, ते आज ऐकवत नाहीत. 2021 च्या दौऱ्यात स्टोन्सनी हे गाणं वगळलं. मला सोलो प्रिय आहे आणि शब्द नकोसे वाटतात, दोन्ही खरं आहे.

या गाण्याचं दुसरं रूपही आहे म्हणतात, ते कुठलं?

18 डिसेंबर 1970 ला, कीथ आणि बॉबी दोघांच्या वाढदिवसाच्या पार्टीत, ऑलिंपिक स्टुडिओतच ते पुन्हा वाजवलं गेलं. एरिक क्लॅप्टन स्लाइड गिटारवर होता, अल कूपर पियानोवर. ते 2015 मध्ये, मूळ गाणं असलेल्या 'स्टिकी फिंगर्स' अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे आलं. ऐकायला मजा येते, पण मूळ रूपच सरस आहे असं माझं मत.

सोलोंमध्ये तुमची स्वतःची आवड?

त्याच अल्बममधलं 'कान्ट यू हिअर मी नॉकिंग'. गाणं सात मिनिटांहून थोडं मोठं आहे. पावणेतीन मिनिटांत शब्द संपतात. तिथे थांबायला हवं होतं, पण कुणी थांबलं नाही आणि टेपही फिरत राहिली. कोंगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) चालू राहतात, गिटार सावध पावलं टाकते आणि मग कीज आत येतो. इथे घाई नाही, घरघरही बेताची आहे. एक छोटं वाक्य बोलतो, वाट बघतो, तेच वाक्य जरा वळवून पुन्हा बोलतो. आलापीची सवय असलेल्या कानाला ही पद्धत ओळखीची वाटेल. त्याच्यानंतर मिक टेलरची गिटार सूत्रं हातात घेते. पुढचा माणूस येताना दिसला की कीज ज्या सहजतेने मागे सरतो, ती जागा मी आजवर किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब नाही.

त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, हे खरं का?

हो, तो स्वतःच तसं सांगायचा. कानावर शिकलेला वादक. मुंबईच्या स्टुडिओंतले गोव्याचे वादक याच्या अगदी उलट टोकाचे. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी शिकलेले, समोर कागद ठेवला की पहिल्याच वाचनात वाजवणारे. तिथे पन्नास-साठ जणांच्या ताफ्याला एका दिवसात गाणं बसवायचं असे, त्यामुळे वाचन नसेल तर पोटाचा प्रश्न. कीज ज्या स्टुडिओंत वाढला तिथे कागदच नसायचा. गाणं अर्धवट असायचं, कधी नुसता रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, असायचा आणि त्यातून रात्रभर काहीतरी घडवायचं. तिथे कान आणि धीर लागे. दोन्ही पद्धती आपापल्या कामासाठी खऱ्या आहेत, म्हणून नोटेशन शिकणाऱ्याने कीजचा दाखला देऊन ते सोडू नये.

गिटारच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणं अवघड का असतं?

एक कारण आवाजाचं. इलेक्ट्रिक गिटार आणि टेनर सॅक्सोफोन यांचं राज्य साधारण एकाच उंचीच्या स्वरांत चालतं. दोघं एकदम बोलले की चिखल होतो.

दुसरं कारण पट्टीचं, आणि ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. टेनर सॅक्सोफोनवर वादक ज्याला 'सी' (हार्मोनियमची पांढरी एक) म्हणून बोटं ठेवतो, तो प्रत्यक्षात काळी पाच ऐकू येतो. वाद्याची घडणच तशी. गिटारवाल्यांना पांढरी तीन आणि पांढरी सहा या पट्ट्या प्रिय, कारण त्यांत मोकळ्या तारा मिळतात. गिटारवाल्याने पांढरी तीन धरली की टेनरवाल्याच्या बोटांना काळी तीनची सरगम वाजवावी लागते, पांढरी सहा धरली की पांढरी सातची. दोन्हींत तीव्र स्वरांची नुसती रांग. जॅझवाल्यांना सोयीच्या पट्ट्या वेगळ्या, त्यामुळे तिथून आलेला चांगला वादकही गिटारच्या बँडमध्ये आधी अडखळतो. कीज पोरवयापासून गिटारवाल्यांतच वाढल्यामुळे त्याची बोटं या पट्ट्यांना सरावलेली होती. 'ब्राउन शुगर'ची पट्टी त्या मानाने सोपी, पांढरी एक.

स्टोन्सचा 'एक्साइल ऑन मेन स्ट्रीट' हा अल्बम ज्या तळघरात झाला, तिथे तो होता का?

होता. 1971 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, व्हीलफ्रांश-सुर-मेरमधल्या नेलकोत या बंगल्यात कीथ राहत होता आणि त्याच्याच तळघरात मुद्रण चाललं. मशीन बाहेर ट्रकमध्ये, वादक खाली दमट उकाड्यात. गिटारी सारख्या बेसूर होत. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन वाजवणारा जिम प्राइस हा कीजचा जोडीदार होता. दोघं मिळून चार-पाच जणांच्या ताफ्याएवढा भरणा करत.

'हॅपी' या गाण्याची कथा मला आवडते. बाकीचे यायचे होते. हजर होते ते कीथ, ड्रमवर निर्माता जिमी मिलर आणि बॅरिटोन सॅक्सोफोन घेतलेला कीज. तिघांनी गाण्याचा पाया घालून टाकला. बॅरिटोनचा तो खालचा, जाड आवाज गाण्याला बुडातून रेटा देतो. 'रिप धिस जॉइंट' आणि 'स्वीट व्हर्जिनिया' त्याच अल्बममधली. एक सुसाट धावतं, दुसरं पारावर बसून गायल्यासारखं. एकाच वादकाचा पल्ला समजून घ्यायला ही दोन पाठोपाठ ऐकावीत.

स्टोन्सव्यतिरिक्त त्याने काय काय केलं?

1969 ते 1974 ही पाच-सहा वर्षं विलक्षण आहेत. 'डिलेनी अँड बॉनी'च्या ताफ्यात तो आणि जिम प्राइस होते. 1969 च्या डिसेंबरात एरिक क्लॅप्टनसह त्यांनी इंग्लंडचा दौरा केला. 1970 च्या वसंतात लिऑन रसेलच्या नेतृत्वाखाली जो कॉकरचा 'मॅड डॉग्ज अँड इंग्लिशमेन' दौरा झाला, त्यातही ही जोडी होती. त्याच वर्षी जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आला. त्यातल्या 'व्हॉट इज लाइफ'मधली वाऱ्याची वाद्यं म्हणजे हेच दोघं.

लेननबरोबरचं काम वेगळ्या चालीचं. 'व्हॉटएव्हर गेट्स यू थ्रू द नाइट' 1974 मध्ये न्यू यॉर्कच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये झालं, पियानोवर आणि सोबतीच्या आवाजात एल्टन जॉन. एकल कलाकार म्हणून लेननला हयातीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेणारं हे एकमेव गाणं. त्याचं निम्मं श्रेय मी सॅक्सोफोनला देतो, कारण तो काढून टाकला तर त्या गाण्यातला उल्हासच निघून जाईल.

त्याच वर्षी लिनर्ड स्किनर्डच्या 'सेकंड हेल्पिंग'मध्ये तो 'कॉल मी द ब्रीझ'साठी आहे. हा अमेरिकेच्या दक्षिणेतला गिटारप्रधान बँड. सॅक्सोफोन तिथे ठोशासारखा दोन-तीन स्वरांत येतो आणि जातो. बऱ्याच वर्षांनी, 1998 मध्ये, शेरिल क्रोच्या 'द ग्लोब सेशन्स'मध्येही त्याची फुंक आहे. स्वतःच्या नावाचा वाद्यसंगीताचा अल्बमही 1972 मध्ये निघाला. तो नीटनेटका आहे, पण दुसऱ्याच्या गाण्यात शिरल्यावर त्याच्यात जे पेटायचं ते तिथे सापडत नाही.

1973 मध्ये तो स्टोन्सपासून का दुरावला?

व्यसन. हेरॉइन आणि दारू. युरोपच्या दौऱ्यात तो अर्ध्यावरच बाहेर पडला. शॅम्पेनने बाथटब भरल्याची गोष्ट त्याने आणि कीथने दोघांनीही सांगितलेली आहे, आणि लोक ती हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही. कलेच्या ऐन भरातली वर्षं त्या टबात वाहून गेली. पुढे स्टोन्सचा गायक मिक जॅगरचा विश्वास परत मिळवायला त्याला फार काळ लागला. 1982 च्या युरोप दौऱ्यात तो दिसतो. 1989 च्या 'स्टील व्हील्स' दौऱ्यापूर्वी कीथने त्याला तालमीला बोलावून घेतलं आणि त्यानंतर तो शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिला.

म्हणजे स्टोन्सच्या सगळ्या गाण्यांतला सॅक्सोफोन त्याचाच?

नाही, आणि ही चूक फार होते. 1978 च्या 'मिस यू'मधला सॅक्सोफोन मेल कॉलिन्सचा, जो 'किंग क्रिमसन'मध्ये होता. 1981 च्या 'वेटिंग ऑन अ फ्रेंड'मध्ये जॅझमधले थोर सनी रॉलिन्स आहेत. ही दोन गाणी आणि 'ब्राउन शुगर' लागोपाठ ऐकलीत तर तीन माणसं एकच वाद्य किती वेगळं बोलतात ते लगेच कळेल.

एल्विसच्या 'रिटर्न टू सेंडर'मध्ये तो होता का?

तो तसं सांगत असे. सेशनच्या नोंदींत मात्र बूट्स रँडॉल्फ या सॅक्सोफोनवादकाचं नाव आहे. मी नोंदींच्या बाजूने आहे. कीजच्या यादीला त्या गाण्याची गरजही नाही.

त्याला या गाण्यांतून पैसा किती मिळाला असेल?

आकडे सांगण्यात अर्थ नाही, पण पद्धत सांगता येईल. अमेरिकेत सेशनच्या वादकाला संघटनेने ठरवलेल्या दराने, साधारण तीन तासांच्या एका सेशनचे पैसे मिळत. रेकॉर्ड कितीही खपली तरी गाण्याची रॉयल्टी गीतकार-संगीतकाराला. 'ब्राउन शुगर' जॅगर आणि रिचर्ड्सच्या नावावर आहे. सोलो कीजने त्या जागी उभं राहून रचला, पण कायद्याच्या दृष्टीने ती रचना नव्हे. जगभरच्या वादकांची ही जुनी व्यथा आहे आणि आपल्याकडच्या फिल्म वादकांना ती नव्याने समजावून द्यावी लागणार नाही.

तो भारतात कधी आला होता?

हो. एप्रिल 2003 मध्ये 'लिक्स' दौऱ्यात स्टोन्सनी बंगळूर आणि मुंबईत कार्यक्रम केले. मुंबईतला 7 एप्रिलला, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. त्या दौऱ्यातल्या वाद्यताफ्यात कीज होता, सोबत टिम रीस, मायकेल डेव्हिस आणि केंट स्मिथ. मी त्या रात्री हिरवळीवर होतो. सगळ्यांच्या नजरा जॅगरच्या मागे धावत होत्या. मी बाजूला उभ्या असलेल्या त्या भारदस्त माणसाकडे बघत होतो, सॅक्सोफोन तोंडाला लावायच्या आधी तो काय करतो ते. तो ऐकत होता. डोकं किंचित खाली, ड्रमच्या दिशेने.

मी सॅक्सोफोन शिकतोय. त्याच्याकडून काय घ्यावं?

आधी गा. सोलो तोंडाने गाता आला पाहिजे, मग बोटं. 'ब्राउन शुगर'चा सोलो त्यासाठी उत्तम, कारण स्वर थोडे आहेत आणि सगळी करामत कुठे जोर द्यायचा यात आहे. घरघरीच्या मागे लगेच लागू नका. आधी एकेक स्वर मंद्रापासून वरपर्यंत भरदार, सरळ धरता यायला हवा. पहिले काही महिने फार कडक रीड (तोंडात धरायची कंपणारी पातळ पट्टी) घेऊ नका, ओठांवर ताण येतो. आणि ड्रमवाल्याशी मैत्री करा. लग्नाच्या ब्रास बँडमध्ये वाजवणाऱ्या एखाद्या अनुभवी वादकाशी ओळख असेल तर त्याच्याबरोबर दोन तास घालवा. रस्त्यावर, चालता चालता, ढोल आणि ताशाच्या वर आवाज कसा काढायचा हे त्याला क्लासमधल्या मास्तरांपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

त्याच्यानंतर ती जागा कुणी घेतली?

2014 च्या ऑक्टोबरात तब्येत ढासळल्याने तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्याला जाऊ शकला नाही. कार्ल डेन्सन त्याच्या जागी उभा राहिला. डिसेंबरच्या 2 तारखेला यकृताच्या आजाराने कीज गेला, सत्तर वर्षांचा होऊन. एकाहत्तरावा वाढदिवस सोळा दिवसांवर होता, त्याचा आणि कीथचा.